वॉलपेपरच्या पाठीवर मांडलेली भावकी

त्या घरात तेव्हा आम्ही सहा जण होतो. वरच्या मजल्यावर माझे काका, म्हणजे वडलांचे सख्खे धाकटे भाऊ, डॉक्टर, माझी काकी, त्यांचा दीड वर्षाचा नितीन, आणि मी, शालन. खालच्या मजल्यावर घराची मालकीण, जिला सगळा गाव मेमेर म्हणायचा, त्यांच्या फ्रेंचमध्ये मेमेर म्हणजे आजी. आणि तिचा बिनलग्नाचा भाऊ एमिल, ज्याला एका कानानं ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्या कानानं तो फक्त स्वतःचेच विनोद ऐकायचा. सहातले चार गेले. नितीन आहे, तिकडं रेडमंडला कंप्युटरमध्ये. त्याला यातलं काय आठवणार, तो माझ्या कडेवर होता. म्हणून मी सांगते. गोड करून सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छापण नाही.

गाव अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला. मधनं नदी, अलीकडं अमेरिका, पलीकडं कॅनडा. सगळी बटाट्याची शेतं, आणि सहा महिने त्यावर बर्फ. तिथल्या छोट्या दवाखान्यात यायला गोरा डॉक्टर तयार नसायचा, म्हणून आमच्या काकांना बोलावलं होतं. काका तिकडं आमच्या गावातले पहिले डॉक्टर, घराण्यातले पहिले शिकलेले, त्यांच्यापुढं तोंड वर करून बोलायची कुणाची छाती नव्हती. आई मी सहा वर्षांची असताना तिसऱ्या बाळंतपणात गेली, वडील पुढं चार वर्षांनी. मग मी आजीजवळ होते. आजी गेली तेव्हा काका सुट्टीवर आले होते, आणि मामापण मला न्यायला आला होता. मामाची बैलगाडी दारात उभी होती, त्यात माझं गाठोडंसुद्धा ठेवलं होतं. काका म्हणाले, "पोरगी तुमच्याकडं शेणच काढणार. माझ्याकडं शाळा शिकेल, नर्स होईल." मामानं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, गाठोडं स्वतःच खाली उतरवलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

आता कागदाचं सांगते. पुतणीला अमेरिकेत आणता येत नाही, पोटच्या पोरीला येतं. काकांनी तालुक्याला जाऊन दाखला काढला. बापाच्या जागी स्वतःचं नाव, आईच्या जागी काकीचं. आणि माझं वय तीन वर्षांनी वाढवलं, कारण लहान पोर घरात असेल तर इथं शाळेत घालावंच लागतं, नाहीतर सरकारचा माणूस विचारायला येतो. मी चौदाची होते, कागदावर सतराची झाले. त्या हिशेबानं काकी सोळाव्या वर्षी बाळंत झाली होती. इथल्या साहेबाला त्यात काय वावगं वाटलं नसणार, भारतात असंच असतं म्हणून त्यानं शिक्का मारला असणार. शाळा, नर्स, सगळं त्या शिक्क्याखाली गेलं. आजही माझ्या कार्डावर तेच वय आहे. तीन वर्षं मी जगलेच नाही आणि तीही माझ्या नावावर आहेत. आणि जिनं मला जन्म दिला तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

चार इयत्ता झालेल्या पोरीचा दिवस कसा जायचा ते सांगते. पहाटे उठून नितीनचं दूध, काकांचा डबा, मग फरशी, मग धुणं. मशीन होतं, पण काकीला त्यातनं निघालेल्या काकांच्या शर्टाची कॉलर पटायची नाही, म्हणून कॉलरी मी हातानं घासायची. तळघरातली घर तापवायची भट्टी धाडकन पेटायची तेव्हा सगळं घर हलायचं. बाहेर बर्फ ओढणारी गाडी रस्ता खरवडत जायची, तो आवाज मला अजून दातात येतो. आमच्या कुकरची शिट्टी झाली की खालून एमिल ओरडायचा, "आली बघ वरची आगगाडी!" आणि संध्याकाळी मेमेरच्या रेडिओवर कुणीतरी फ्रेंचमध्ये जपमाळ ओढायचं, मागोमाग ती दोघं म्हणायची. मला एक अक्षर कळायचं नाही, पण आजीच्या हरिपाठासारखा सूर होता, म्हणून मी जिन्यात बसून ऐकायची.

तिथंच तिनं मला पकडलं. जिन्याचं दार उघडून म्हणली, "जिना गार आहे. आत ये." आत चुलीवर बिडाचा तवा होता आणि त्यावर ती पिवळसर पीठ ओतत होती. ते लोक त्याला प्लॉय म्हणतात. एका बाजूनंच भाजायची, उलटायची नाही, वरती जाळी पडते. मी बघितलं आणि मला रडूच आलं. आमची आंबोळी! पीठ कुठल्याशा वेगळ्या धान्याचं, पण जाळी तीच. तिनं लोणी लावून गुंडाळी करून हातात दिली. मी चार खाल्ल्या. एमिल म्हणला, "वर डॉक्टर हिला औषधावरच ठेवतो काय?"

तेव्हापासून नितीन दुपारचा झोपला की मी खाली. मेमेरचं इंग्रजी मोडकं, माझं शून्य, म्हणून आमचं बरं जमलं. ती लहानपणी शाळेत फ्रेंच बोलली म्हणून मास्तरीण हातावर छडी मारायची. तिनंपण लवकर शाळा सोडलेली. माझं सगळं इंग्रजी मी तिच्याकडनं शिकले. आज शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवर, तीस वर्षं मिठाईच्या दुकानाच्या भटारखान्यात काम करून झालं, तरी बसमधली माणसं मला विचारतात, बाई तुम्ही कॅनडाच्या का?

त्या हिवाळ्यात मेमेर एकच काम करत होती. उन्हाळ्यात त्यांच्या सगळ्या भावकीचा मेळा भरणार होता, चर्चच्या हॉलमध्ये, आणि त्यासाठी सगळ्या घराण्याची वंशावळ मांडायचं तिनं अंगावर घेतलं होतं. कागद कुठला, तर वॉलपेपरचे उरलेले रोल. पुढच्या बाजूला गुलाबाची फुलं, पाठीवर पेन्सिलीनं चौकटी. घरातल्या लांब बोळात ती रोल उलगडायची, दोन टोकांना दोन बूट ठेवायची आणि गुडघ्यांवर बसून लिहायची. मी पट्टी धरायची. खाली ती आणि एमिल, वर त्यांचे आईबाप, त्यांच्यावर त्यांचे, असं बोळाच्या पार दुसऱ्या दारापर्यंत. नावं कुठनं आणायची? ठिकठिकाणच्या पाद्र्यांना पत्रं लिहायची. चर्चच्या जुन्या वह्यांतनं लग्नं, बारशी आणि मयतं उतरवून ते पाठवायचे. पाकीट आलं की ती चष्मा पुसायची आणि माझ्या नावाला फ्रेंच वळण देऊन म्हणायची, "शालाँ, पाहुणे आले."

तिनं मला सगळी हकिकत सांगितली. फार जुन्या काळी फ्रान्समधनं त्यांचा मूळपुरुष बोटीनं आला. समुद्रकाठच्या चिखलाला बांध घालून त्यानं आणि त्याच्यासारख्या लोकांनी शेतं केली. त्या मुलखाला ते अकादी म्हणायचे. पुढं इंग्रजांचं राज्य आलं. इंग्रज म्हणले, आमच्या राजाची शपथ घ्या. हे म्हणले, तसली शपथ आम्ही घेणार नाही. मग त्यांनी घरं जाळली, माणसं बोटींत भरली, नवरा एकीकडं, बायको एकीकडं, आणि लांब लांब नेऊन सोडली. जी थोडी रानातनं पळाली, ती फिरत फिरत शेवटी या नदीकाठी आली. हे सांगताना मेमेरचा आवाज असा चढायचा, जसं काय तिच्याच अंगणातनं परवा कुणी गाय सोडून नेली.

पण मला नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. प्रत्येक बाईच्या चौकटीत तिचं नाव होतं आणि पुढं तिच्या बापाचं आडनाव. मी विचारलं, "ह्या सगळ्या बिनलग्नाच्या?" मेमेर हसून हसून खोकायला लागली. "ह्या बिनलग्नाच्या तर आम्ही कुठनं आलो?" मग तिनं समजावलं, की त्यांच्या चर्चच्या वहीत बाई जन्माला येते त्याच नावानं लग्न करते, त्याच नावानं बाळंत होते आणि त्याच नावानं मरते. आता इंग्रजीत लोक तिला नवऱ्याच्या नावानं ओळखतात ते निराळं. मी सांगितलं, आमच्यात आडनाव तर जातंच, नावपण बदलतात. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव काढतो, आणि त्या दिवसापासून जुनं नाव संपलं. मेमेरनं छातीवर क्रूस काढला. "मग मेल्यावर देवाला कसं कळतं कोण आली ते?"

सगळ्या चौकटी भरत आल्या आणि एकच अडली, सगळ्यात वरची. मूळपुरुषाची बायको. पाद्र्याचं पत्र आलं. ती फ्रेंच नव्हती. तिथल्याच रानातल्या मिकमाक लोकांतली होती. लग्नाआधी पाद्र्यानं पाणी शिंपडून तिचं नाव मारी ठेवलं. तिचं खरं नाव काय, बाप कोण, आई कोण, काही लिहिलेलं नव्हतं. मिकमाक लोक आम्ही बघितलेले. बटाटे काढायच्या दिवसांत ते लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणून आणायचे, मेमेरच्या शेडमध्ये त्यांचीच चळत होती. एमिल म्हणला, "म्हणजे इतकी वर्षं मावसभावांकडनंच टोपल्या घेतोय की आपण! आणि घासाघीस करतोय!" मेमेर हसली नाही. तिनं चौकटीत "मारी" लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

तिची मुलगी लोरेट बँगॉरवरनं आली. उंच टाचांचे बूट, केस फुगवलेले, आईशी मुद्दाम इंग्रजीतच बोलायची. वॉलपेपरचं वरचं टोक बघून म्हणली, "मम्मा, हे असं लावायचं नाही. तीनशे माणसं येणार. एखादं चांगलं फ्रेंच आडनाव घाल तिथं. कोण तपासायला बसलंय?"

"मी," मेमेर म्हणली.

"लोक काय म्हणतील? आपण कोण आहोत?"

"जे आहोत ते. मला नाव माहीत नाही, म्हणून ती चौकट रिकामी राहील. पण खोटं भरणार नाही. एकदा खोटं भरलं की पुढं कुणी शोधतसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्या वयातसुद्धा नीट ऐकलं.

लोरेट गेल्यावर मेमेरनं रोलचा एक तुकडा फाडला आणि माझ्यापुढं टाकला. "आता तुझं." मी पेन्सिल घेतली आणि एका दमात वडलांच्या वरच्या सात पिढ्या लिहिल्या, मराठीतच. आमच्याकडं सुगी झाली की हेळवी यायचा, बैलावर बसून, घंटा वाजवत. त्याचं कामच ते, घरोघरची पिढीजात नावं म्हणून दाखवायची आणि सूपभर धान्य न्यायचं. दरवर्षी ऐकून मला तोंडपाठ. मी एकेक नाव वाचून दाखवलं. मेमेरनं मान डोलावली, मग विचारलं, "आणि बायका?"

"बायका नाहीत."

"नाहीत म्हणजे? हे सात बापये काय बटाट्यासारखे जमिनीतनं निघाले?"

एमिल टेबलावर हात मारून हसला. मीपण हसले. मग मेमेरनं माझ्या नावाच्या वर एक चौकट काढली आणि म्हणली, "निदान हिचं तरी सांग. तुझी आई. जन्माचं नाव, लग्नाचं नको." मी तिला खरं ते सांगून टाकलं, की वर आहे ती काकी, माझी आई मेली. आणि तिचं जन्माचं नाव मला माहीत नव्हतं.

सासरी तिला यशोदा म्हणायचे, ते तांदळातलं नाव. वडील तिला हाक मारायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. मी एकदाच ऐकलं होतं. बाजारात कांदे विकायला बसलेल्या एका म्हातारीनं कसलंतरी नाव घेऊन हाक मारली आणि माझी आई गर्रकन वळली. ती म्हातारी तिच्या माहेरची होती. आई अशी हसली, मोठ्यांदा, भर बाजारात, तशी ती घरात कधी हसली नव्हती. मला ते हसणं दिसतं. हाक ऐकू येत नाही. साठ वर्षं मी ती हाक आठवायला बघते आहे. मी तेव्हा बोराकडं बघत होते.

मेमेरनं त्या चौकटीत काही लिहू दिलं नाही. "विचार. तुझ्या काकाला माहीत असेल."

मला विचारायचा धीर झाला नाही. आणि मी नाही विचारलं म्हणून तिनं विचारलं, तेही नको त्या दिवशी. ईस्टरचा रविवार होता. दवाखान्याचा मोठा साहेब आणि त्याची मडम दुपारी जेवायला येणार होते. याच साहेबाच्या सहीनं काकांची नोकरी पक्की व्हायची होती, कायमचे कागद व्हायचे होते. दोन दिवस मी आणि काकी राबलो. कोंबडीचा रस्सा, पुऱ्या, मसालेभात, शेवयांची खीर. शेजारधर्म म्हणून मेमेरला आणि एमिललाही बोलावलं होतं. मेमेर निळा झगा घालून, हातात माझ्या कागदाची गुंडाळी घेऊन आली. तिनं त्याला रिबीन बांधली होती.

सगळे जेवायला बसले आणि तिनं ती गुंडाळी काकांपुढं धरली. म्हणली, "डॉक्टर, ही पोरगी हुशार आहे. सात पिढ्या पाठ आहेत तिच्या. आणि तुम्हीपण देवमाणूस. भावाची पोरकी पोर स्वतःची म्हणून सांभाळली. आमच्यात सगळे असंच करायचे. फक्त तिच्या आईचं नाव तेवढं सांगा, चौकट अडली आहे."

तिला काय माहीत? पोरकी पुतणी सांभाळली यात लपवायचं काय असतं, ते तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ती काकांचं कौतुक करत होती. काकांचा चेहरा मात्र ताटातल्या मिठासारखा पांढरा पडला. साहेबाच्या मडमनं चमचा खाली ठेवला. "अच्छा? मला वाटलं ही तुमचीच मुलगी."

काका हसले. ते हसणं मी विसरणार नाही. "मेमेरचा घोटाळा होतोय. वय झालं. शालन, सांग बरं यांना, तुझी आई कोण?"

मी दाराशी खिरीचं पातेलं घेऊन उभी होते. काकी ताटाकडं बघत होती. काकांचे डोळे माझ्यावर होते, आणि ते हलक्या आवाजात मराठीत म्हणले, "नीट बोल. नाहीतर सगळे परत जाऊ." मी काकीकडं बोट केलं आणि म्हणले, "शी इज माय मदर." इंग्रजीतलं इतकं स्वच्छ वाक्य त्याआधी मी कधी बोलले नव्हते. कुठंही अडखळले नाही.

मेमेरनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला खोटी पाडणार. ती म्हणली, "माझाच घोटाळा. मी म्हातारी झाले." आणि ती पुढं सगळं जेवली, खीर मागून घेतली, साहेबाच्या मडमशी हवापाण्याचं बोलली. स्वतःला वेडी ठरवून तिनं मला वाचवलं, आणि त्या माणसालाही वाचवलं.

पाहुणे गेल्यावर काकांनी रिबीन सोडली, कागदाचे चार तुकडे केले आणि खरकट्याच्या पिशवीत टाकले. सात पिढ्या त्यांच्याही होत्या. स्वतःच्या बापाचं नाव त्यांनी रश्श्यात टाकलं. मी विचारलं, "काका, आईचं नाव काय होतं?" त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. काकी म्हणली, "तोंड बंद ठेवायला काय होतं गं तुझं? दोन वेळचं मिळतंय ना?" आणि मला खरकटी भांडी घासायला बसवलं. मी घासली. राग गिळून भांडी घासायला मी तेव्हापासून चांगली शिकले.

दोन दिवस मी खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी मेमेर जिन्यात येऊन बसली, माझ्या पायरीवर.

"मी खोटं बोलले," मी म्हणले.

"ऐकलं मी."

"तू रागावलीस?"

"माझ्या लोकांनी शपथ घेतली नाही, म्हणून त्यांची घरं गेली. तू घेतलीस, तुझं घर राहिलं. शहाणं कोण ते मला ठरवता येत नाही. पण तुझ्या आईचं नाव कुणाला तरी माहीत असेलच ना?"

तेव्हा मला मामा आठवला. मी मोठ्या अक्षरात, चुका करत, पत्र लिहिलं. "मामा, माझ्या आईचं माहेरचं नाव काय ते कळव." पाकिटावर मेमेरचा पत्ता घातला, म्हणजे उत्तर खालच्या मजल्यावर येईल. तिनं स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

उन्हाळ्यात मेळा झाला. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तो वॉलपेपर लावला होता. लोक बोटं फिरवत आपापली आजी शोधत होते. वर, मूळपुरुषाच्या शेजारी, नुसतं "मारी" आणि पुढं कोरी जागा. एक सुटाबुटातला माणूस मेमेरला म्हणला, हे दिसायला बरं नाही. मेमेर म्हणली, "मग शोध तू. पेन्सिल देऊ?" तो पुढच्या टेबलाकडं निघून गेला.

माझं उत्तर बटाटे निघाल्यावर आलं. मामीनं गुरुजींकडनं लिहून घेतलं होतं. ते पत्र फाटून गेलं, पण मला पाठ आहे. "चि. शालनला अनेक आशीर्वाद. तुझे मामा गेल्या माघात वारले. तुझ्या आईला ते आक्का म्हणत. मी नंतर लग्न होऊन आले, आम्ही वन्सं म्हणायचो. शेजारीपाजारी विचारलं, सगळ्यांना आक्काच माहीत आहे. नाव कुणाला सांगता येत नाही. तुझे मामा असते तर सांगितलं असतं. त्यांनी दर दिवाळीला तुझ्या काकांच्या पत्त्यावर पत्र घातलं, पोर कशी आहे, एक ओळ तिच्या हातची पाठवा म्हणून. उत्तर आलं नाही. शेवटपर्यंत म्हणत होते, गाठोडं उतरवायला नको होतं."

माघ म्हणजे ईस्टरच्या आधी दोन महिने. दिवाळीचं पत्र आलं तेव्हा मामा जिवंत होता. मी त्याच घरात, त्याच टपालपेटीवरचा बर्फ रोज झाडत होते, फक्त पेटीची किल्ली काकांकडं होती. मी वर जाऊन विचारलं. काका पेपर वाचत होते. म्हणले, "तुझं मन इथं लागावं म्हणून नाही दिली." पेपर खालीसुद्धा घेतला नाही.

पुढं मी अठराची झाले तेव्हा कागदावर एकवीस होते. त्यांनीच वाढवलेलं वय दाखवून मी बसचं तिकीट काढलं आणि निघाले. ते सगळं पुढचं. काका शेवटी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायचे. आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेले. कुणी म्हणेल माफ करायला गेली. मी ते नाव विचारायला गेले होते. ते म्हणले, "मला कुठं माहीत? मी वहिनी म्हणायचो." म्हणजे जे नाव त्यांना कधी माहीतच नव्हतं, त्यासाठी त्यांनी मला मारलं होतं. मी त्यांना पाणी पाजलं आणि परत आले. रडले नाही.

मागच्या वर्षी माझ्या नातीनं एक नळी आणली. "आजी, जस्ट स्पिट ना! सगळी फॅमिली हिस्टरी कळते." मी थुंकले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, की मी पश्चिम हिंदुस्थानातली आहे. एवढं सांगायला त्यांना माझी थुंकी लागली. नात लॅपटॉपवर आमची वंशावळ भरायला बसली आणि म्हणली, "आजी, तुझ्या आईकडची बाजू एम्प्टी का आहे? काहीतरी टाकू का, नंतर एडिट करता येतं." मी तिच्यावर असं ओरडले की तिनं लॅपटॉपच बंद केला. तिला अजून कळलेलं नाही मी का ओरडले, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आईचं माहेर उंबरकोंड. ते गाव पुढं धरणात गेलं, माणसं कुठं कुठं पांगली. मी दोनदा जाऊन आले, पाणी बघून आले. हे वाचणाऱ्यांत कुणी मूळचं उंबरकोंडचं असेल, किंवा कुणाची आजी, आत्या तिथली असेल, तर तिला एवढं विचारा. मोऱ्यांची थोरली लेक, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, तांबजाई ह्या आमच्या गावी दिलेली. लग्नाआधी तिला काय नावानं हाक मारायचे? कळलं तर हे पुस्तक छापणाऱ्यांकडं निरोप द्या, ते मला पोचवतील. कुणाला माहीत नसेल तर नाही म्हणून सांगा, मी रागावणार नाही. पण अंदाजानं सांगू नका.